अंगावर उठवलेले नाव

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. माझी मुदत केव्हाच संपली. माझ्यावर आता कोणी पावाचा तुकडाही देणार नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला, टॅमरॅक पॉइंट नावाच्या खाणींच्या गावात, एका गाडीच्या दाराच्या कप्प्यात मी पडून असते. सोबतीला एक मोडका कंगवा, चर्चमधले कागदी रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट आहे. कडाक्याची थंडी पडली, की सकाळी गाडीच्या पुढच्या काचेवर हिमाचा पांढरा, खरखरीत थर धरतो. तेव्हा मला बाहेर काढून काचेवर चालवतात. तेवढेच माझे काम. त्याने माझी एक कड झिजून वाकडीतिकडी झाली आहे आणि झीज आता अक्षरांपर्यंत आली आहे.

ती अक्षरे वाचता येतात, तोवर माझी हकिगत सांगून टाकते. मित्रांनो, ही हकिगत माझी कमी आणि त्या अक्षरांची जास्त आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या पांढऱ्या पत्र्यातून माझ्यासारखी कितीतरी कार्डे एका दमात कापली गेली. तोवर आम्ही सगळी सारखीच होतो. मग एका यंत्राने मला धरले, पाठीमागून दाबले आणि माझ्या अंगावर एक नाव उठवले : इर्या एम. कांगास. माझ्या शेजारी त्याच आकड्यांचे दुसरे कार्ड होते. त्याच्यावर नाव होते वेन आर. कांगास. आम्ही दोघे एकाच पाकिटातून त्यांच्या घरी आलो. आमच्या आधीही त्याच नंबरची कार्डे त्या घरात येऊन गेली होती. मुदत संपली की जुने जायचे, नवे यायचे. खाते तेच राहायचे. आम्ही शेवटचे.

वेन खाणीत मोठा ट्रक चालवायचा. त्या ट्रकचे चाक माणसाच्या दुप्पट उंच होते, असे तो सांगायचा. इर्या गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. टॅमरॅक पॉइंटमध्ये आज ज्यांचे केस पिकू लागले आहेत, त्यांतले निम्मे तिच्या हातचे जेवून मोठे झाले. गुरुवारी बटाट्याचे थर लावून भाजलेले खिम्याचे हॉटडिश आणि शुक्रवारी मासे, हा तिचा क्रम कधी चुकला नाही. मुले तिला मिसेस कांगास म्हणायची आणि पुढे त्या मुलांची मुलेही तेच म्हणायची.

मी घरी आले त्या दिवशी तिने माझ्या नावावरून अंगठा फिरवला. डोळे मिटूनसुद्धा वाचता येईल इतके ते नाव ठसठशीत होते.

"बघ, माझं नाव," ती वेनला म्हणाली.

"दर वेळी तेच म्हणतेस. नाव काय बदलणार आहे का?" तो म्हणाला.

त्या घरात माझ्यासाठी एक नियम होता. तो इर्याने घातला होता. गावात रोख, गावाबाहेर कार्ड. त्याचे कारण तिच्या लहानपणात होते. एका वर्षी खाणीत मोठा संप झाला आणि सगळे गाव उधारीवर जेवले. संप मिटला, उधारी फिटली. पण इर्याची आई त्यानंतर कित्येक वर्षे दुकानदार समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. इर्याने तिचा हात धरून तो रस्ता अनेकदा ओलांडला होता. त्यामुळे गावच्या को-ऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानाच्या, गल्ल्यावर तिने मला कधी पर्समधून काढले नाही. मी बाहेर यायची ती ड्युलुथ शहरात गेल्यावर. पेट्रोलसाठी, किंवा मुलीसाठी फोनवरून कोट मागवायचा असला तर. बिल आले की त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून इर्या चेक लिहायची. एकदाही तिला उशीर झाला नाही. बँकेकडे कुठे चांगल्या माणसांची नोंद होत असेल, तर आमची तिथे पहिल्या पानावर झाली असणार, असे मला वाटायचे.

नोंद होत होती. फक्त ती कुणाच्या नावावर होत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि इर्यालाही नव्हते.

वेनला ठाऊक होते. त्याच्या फुप्फुसांचे दुखणे वाढले, तेव्हा आम्ही वरचेवर ड्युलुथच्या दवाखान्यात जाऊ लागलो. एकदा तपासणी आटपून दोघे गाडीत बसले होते. तळ्यावरून वारा येत होता. इर्याने पेट्रोलची पावती माझ्याभोवती गुंडाळून मला पर्समध्ये ठेवले, तेव्हा वेन म्हणाला, "ते खातं माझ्या एकट्याच्या नावावर आहे, बरं का. तुझं कार्ड म्हणजे माझ्या कार्डाची शेपटी. तुझ्या नावावर एक वेगळं काढू या. आता सहज देतील."

"एक आहे ना? दोन कशाला?"

"अगं, उद्या मी नसलो तर..."

"तू आहेस," इर्या म्हणाली. "इथे बसला आहेस. सीटबेल्ट लाव."

"मी नुसतं म्हणतोय."

"तू जिवंत असताना मी तू गेल्यासारखी कागदं भरत बसू? मला नाही जमायचं. सीटबेल्ट, वेन."

त्याने सीटबेल्ट लावला. तो विषय पुन्हा निघाला नाही. मित्रांनो, प्रेमाने केलेल्या गोष्टींची किंमत कोणत्याच बिलावर छापलेली नसते. म्हणून ती फेडायची वेळ केव्हा येईल, ते कळत नाही.

फेब्रुवारीत वेन गेला. त्याला पुरण्याच्या दिवशी सकाळी इर्या काळा कोट घालून बाहेर आली, तेव्हा गाडीच्या काचेवर हिमाचा जाड थर होता. काच खरवडायची पट्टी वेनच्या घरच्या लहान ट्रकमध्ये होती आणि ट्रकचे दार गोठून बसले होते. तिने दोनदा ओढून पाहिले. मग पर्स उघडली, हाताला लागले ते काढले आणि काच खरवडायला लागली. हाताला मी लागले होते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते काम केले. इर्या नावाची बाजू मुठीत धरून दुसऱ्या कडेने खरवडत होती. पुढे बघण्यापुरती एक खिडकी तयार झाल्यावर ती थांबली. शेजारच्या सीटसमोरची काच तिने तशीच पांढरी ठेवली.

पुढच्याच आठवड्यात तिने बँकेला फोन केला, राहिलेले बिल चुकते केले आणि खाते बंद करायला सांगितले. गेलेल्या माणसाच्या नावावर कुणाचे एक सेंटही देणे राहू नये, ही तिच्या माणसांची रीत आहे. चर्चच्या तळघरातल्या कॉफीला आलेल्या बायकांनी तिचे कौतुक केले. "वेनचं नाव किती स्वच्छ ठेवलंस," असे म्हणाल्या. बँकेने सांगितल्याप्रमाणे तिने वेनचे कार्ड कात्रीने कापले. मी तोवर गाडीच्या दाराच्या कप्प्यात गेले होते, म्हणून वाचले.

तेव्हापासून गाडी हेच माझे घर झाले. पुढचे सगळे मी तिथूनच ऐकले.

वसंतात खाण कंपनीचे पत्र आले. ते राहायचे ते तळ्याकाठचे घर कांगास कुटुंबाचे होते, पण खालची जमीन कंपनीची होती, भाडेपट्ट्याने घेतलेली. पट्टा वेनच्या नावावर होता आणि त्याच्याबरोबर तो संपला. शरद ऋतू संपायच्या आत घर रिकामे करायचे होते; मग कंपनी ते पाडणार होती. इर्याची मुलगी सुझन दूर, वाळवंटातल्या फिनिक्स शहरात राहते. तिचा आवाज फोनमधून सगळ्या गाडीभर ऐकू यायचा.

"मॉम, इकडे ये. खोली तयार आहे. इथे बर्फ नाही, काही नाही."

"तेच तर," इर्या म्हणायची. "तिथे काहीच नाही."

तिच्या मनात दुसरी जागा होती. गावची जुनी शाळा बंद पडल्यावर बाहेरच्या एका कंपनीने ती इमारत घेऊन तिच्यात भाड्याची घरे केली होती. इर्याची मैत्रीण लव्हर्न, एकेकाळी तिच्या जेवणाच्या रांगेतली मुलगी, तिथे तिसरीच्या वर्गात राहायची. भिंतीवर फळा अजून तसाच होता आणि त्यावर ती सामानाची यादी लिहायची. तळमजल्यावर, जुन्या स्वयंपाकघराच्या बाजूला एक घर रिकामे होणार होते. पायऱ्या नाहीत. चर्च समोर, दवाखाना दोन गल्ल्या सोडून.

"तुझ्याच भट्टीशेजारी झोपशील," लव्हर्न म्हणाली. "पोरं अजून रांग लावून उभी आहेत असं वाटेल, बघ."

"रांगेत ढकलाढकली करणाऱ्यांत तू पहिली होतीस."

"मला ते गाजर नको असायचं, म्हणून मी मागे ढकलायचे. पुढे नाही!"

त्या इमारतीचा कारभार डेरेक निमी बघायचा. तोही इर्याच्या हातचे जेवलेला. आता त्याचे पोट सुटले होते आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. इर्याच्या गुडघ्यामुळे तिला गाडीतून उतरायला लावायचे नाही, म्हणून तो बाहेर आला आणि खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला.

"मिसेस कांगास, माझ्याकडून हो आहे," तो म्हणाला. "पण वर शहरात ऑफिस आहे. ते कॉम्प्युटरात नाव घालतात आणि हो की नाही ते तिथून येतं. मी तुमचं नाव घालून बघितलं." त्याने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "उत्तर 'नाही' आलं."

"का? मी कुणाचं काय बुडवलं?"

"बुडवलं असं नाही. तुम्ही त्यात नाहीच. तुमच्या नावावर काही सापडतच नाही. कर्ज नाही, कार्ड नाही, काहीच नाही."

"कार्ड आहे! होतं." तिने खाली हात घालून मला काढले आणि त्याच्यासमोर धरले. "हे बघ. नाव वाच."

डेरेकने नाव वाचले. हिमाने झिजलेली कडही त्याला दिसली असणार. त्याने मला अगदी जपून तिच्या हातात परत दिले. "सप्टेंबरपर्यंत ते तळमजल्यावरचं घर रिकामं व्हायचं नाही," तो म्हणाला. "तोवर स्वतःच्या नावावर एक कार्ड काढा आणि पाच-सहा महिने चालवा. मी तुमच्यासाठी थांबतो. आणि मिसेस कांगास, मी वर सांगितलं होतं, की या बाईला मी लहानपणापासून ओळखतो."

"मग?"

"ते म्हणाले, त्यासाठी रकाना नाही."

तर इर्याने आयुष्यात पहिल्यांदा कार्डासाठी अर्ज केला. उत्तर टपालाने आले. तिच्या घराची टपालपेटी रस्त्याच्या कडेला खांबावर होती, ती गाडीतूनच हात बाहेर काढून टपाल घ्यायची. तिने तिथेच पाकीट फोडले. लव्हर्न शेजारी बसली होती.

"पुरेसा इतिहास उपलब्ध नाही," इर्याने मोठ्याने वाचले. "इतिहास नाही म्हणजे? मी काय काल जन्मले?"

"तू तर शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाहून जुनी आहेस."

"थट्टा नको, लव्हर्न. कार्ड हवं तर आधी इतिहास हवा, आणि इतिहास हवा तर आधी कार्ड. आता काय करायचं माणसानं?"

लव्हर्नचे दोन नवरे झाले होते. बर्फावर चालवायची एक मोटारस्लेज हप्ते थकल्यामुळे कर्जवाले येऊन घेऊन गेले होते, तेही भर रविवारी, चर्च सुटताना. तरी तिच्या पाकिटात तीन कार्डे होती आणि शाळेत तिला घर मिळाले होते.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मी एकदा बुडाले आणि हातपाय मारत वर आले. म्हणून मी आहे हे त्यांना ठाऊक आहे. तू कधी पाण्यातच उतरली नाहीस, बाई. तू काठावर उभी आहेस, आणि त्यांना काठ दिसत नाही."

इर्याने पत्राची नीट घडी घालून ते पाकिटात परत ठेवले. मी काचेखालच्या उन्हात तापत होते. मी तिला काही सांगू शकत नव्हते. माझ्या अंगावर तिचे नाव होते, ते तिच्याच अंगठ्याने गुळगुळीत केले होते. तिने लिहिलेल्या प्रत्येक चेकने एक पत उभी राहिली होती. पण ती वेनची पत होती आणि वेनबरोबर जमिनीत गेली.

बँकेला गाडीत बसूनच व्यवहार करायची एक खिडकी होती, तिथे कार्ली नावाची मुलगी बसायची. तिचा आवाज भोंग्यातून यायचा आणि कागद एका नळीतून सू करत जायचे-यायचे. तिने एक मार्ग सांगितला. बँकेत अनामत ठेवायची आणि तेवढ्याच रकमेचे कार्ड घ्यायचे. त्याला इतिहास लागत नाही.

"म्हणजे माझेच पैसे मला उधार?" इर्याने भोंग्याला विचारले.

"तसंच काहीसं. पण यातून तुमची नोंद सुरू होईल," भोंगा म्हणाला. "फक्त ते वापरा हं. थोडं थोडं, दर महिन्याला. बिल आलं की फेडा. वापरलंत तरच नोंद होते."

"हो, हो," इर्या म्हणाली.

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. कार्लीने अजून काहीतरी सांगितले, पण ते त्या आवाजात गेले. इर्याने नळीतून परत आलेला डबा उघडला. कागदांबरोबर कार्लीने एक लॉलीपॉप पाठवला होता. बँकेत लहान मुलांना देतात तो.

जूनमध्ये नवे कार्ड आले. ते गाडीतच पहिल्यांदा पाहिले मी. चकचकीत, पातळ आणि अगदी सपाट. हल्ली नाव उठवत नाहीत, नुसते छापतात. इर्याने सवयीने अंगठा फिरवला, पण तिथे हाताला काही लागले नाही. तिने चष्मा लावून खात्री केली. नाव होते. माझ्यावरचे नाव आंधळ्यालाही वाचता आले असते आणि मी तिची नव्हते. हे खरोखर तिचे एकटीचे होते आणि त्याचे नाव बोटाला सापडत नव्हते. मला त्याचा हेवा वाटला नाही. मी त्याला मनातल्या मनात म्हटले, आता तू तिला सांभाळ.

पण त्याला संधीच मिळाली नाही.

को-ऑपच्या दुकानासमोर गाडी उभी राहिली, की इर्या आणि लव्हर्नमध्ये होणारा संवाद मी उन्हाळाभर ऐकला. थोडाफार फरक असायचा, शेवट तोच.

"आज त्याच्यावर ब्रेड घे," लव्हर्न म्हणायची. "नुसता ब्रेड. कॉफी."

"ब्रेड उधार घ्यायची माझ्यावर काय वेळ आली आहे? पर्समध्ये पैसे आहेत."

"असू देत ना! कार्लीनं काय सांगितलं?"

"कार्ली विशीतली पोर. गल्ल्यावर एलेन बसते. मी कार्ड काढलं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, की वेन गेला आणि इर्याच्या घरात रोख संपली."

"होऊ दे!"

"तुझं ठीक आहे. तुझी गाडी चर्चसमोरून उचलून नेली तरी तू हात हलवून टाटा केलास."

"मोटारस्लेज होती ती. आणि टाटा मी पाद्रीबाबांना केला."

मग दोघी हसायच्या. इर्या पर्समधून नोटा काढून खाली उतरायची, ब्रेड घेऊन परत यायची. गावाबाहेर जाणे तिने सोडले होते. ड्युलुथला कुणासाठी जायचे? त्यामुळे गावाबाहेर कार्ड हा नियमही निरुपयोगी झाला. नवे कार्ड तिने रुमालात गुंडाळून वेनच्या फोटोमागे ठेवल्याचे ती एकदा लव्हर्नला सांगत होती. ती कार्लीचे बोलणे विसरली नव्हती. पण तिच्या मनात दुसराच हिशेब पक्का बसला होता. हातात उधारीचे साधन असून जो ते वापरत नाही, त्याच्याहून विश्वासू माणूस कोण? ऑफिसमधली माणसे हे बघतीलच, असे तिला वाटत होते. रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागू नये म्हणून ती ज्या रीतीने सगळे आयुष्य जगली, तीच रीत तिला चांगल्या नावाची खूण वाटत होती. तिच्या जगात ती खूण होतीही.

सप्टेंबरमध्ये मेपलची पाने लाल झाली आणि शाळेतले ते घर रिकामे झाले. डेरेकने फोन केला. इर्याने त्या दिवशी वेलदोडा घातलेला गोड पाव भाजला आणि कपड्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. सगळी गाडी वासाने भरली. नवे कार्ड तिच्या पर्समध्ये होते. शाळेसमोर गाडी उभी केल्यावर तिने आरशात बघून केस नीट केले.

डेरेक बाहेर आला. या वेळी त्याने खिडकीवर कोपर टेकले नाही.

"माझ्या नावावर कार्ड आहे," इर्या म्हणाली आणि ते त्याच्या हातात दिले. "जूनपासून. आणि ऐक डेरेक. इतक्या महिन्यांत त्याच्यावर मी एक सेंटसुद्धा उधार घेतलेलं नाही. एकदाही नाही."

तिचा चेहरा उजळला होता. परीक्षेत पहिला आलेला मुलगा सांगतो, तसे तिने ते सांगितले.

डेरेक कार्डाकडे बघत राहिला. लव्हर्न शेजारच्या सीटवर होती. तिने तोंड दुसऱ्या बाजूला वळवले.

"मिसेस कांगास," डेरेक म्हणाला, "मी आज सकाळीच परत नाव घालून बघितलं."

"मग?"

"वापरलं नाही तर काही नोंद होत नाही. त्यांच्या दृष्टीनं तुम्ही अजून..." त्याने कार्ड बोटांत फिरवले. "तुम्ही अजून आलेल्याच नाही."

इर्याने हात पुढे करून कार्ड परत घेतले.

"मी वर्षाचं भाडं आगाऊ भरते," ती म्हणाली.

"विचारलं मी. नाही म्हणाले. नियम आहे."

"त्या भट्टीची वात कशी लावायची, ते या इमारतीत फक्त मला माहीत होतं," इर्या म्हणाली. हे ती डेरेकला सांगत नव्हती. ती शाळेच्या त्या बाजूच्या खिडकीकडे बघत होती.

"अजून थोडे महिने थांबता आलं असतं तर," डेरेक म्हणाला, "तुम्ही ते आता जरी वापरायला लागलात..."

"माझं घर ऑक्टोबरअखेर पाडणार आहेत."

"हं."

तिने मागे हात नेऊन कपड्यात गुंडाळलेला पाव उचलला आणि त्याला दिला. त्याने नको नको म्हटले. तिने तो त्याच्या छातीशी धरला. "घे. गरम आहे तोवर खा," ती म्हणाली, रांगेतल्या पोराला म्हणावे तसे. डेरेक पाव घेऊन तिथेच उभा राहिला. आम्ही वळण घेईपर्यंत तो आत गेला नव्हता.

ते घर पुढच्या आठवड्यात दक्षिणेकडून आलेल्या कुणा माणसाला मिळाले. तो चांगला माणूस असेलही. त्याची नोंद होती.

मग सगळे भराभर झाले. भांडी चर्चला गेली. वेनचा ट्रक पुतण्याला गेला. गाडी लव्हर्नने घेतली, कारण तिची स्वतःची कधीच सुरू व्हायची नाही. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी दोघी गाडीत बसल्या होत्या आणि सुझनचा आवाज फोनमधून येत होता.

"मॉम, मी तुझं तिकीट काढतेय, पण माझं कार्ड कुठे तरी अडतंय. तुझं दे ना. ते नवीन घेतलंस ते. नंबर सांग, मी तुला लगेच पैसे देते."

"चेक पाठवू का?"

"मॉम! विमानाला चेक नाही चालत."

इर्याने पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातून कार्ड. छापलेले आकडे सपाट होते, तिला ते उन्हात तिरके धरावे लागले. ती एकेक आकडा मोठ्याने वाचत गेली. सुझन मागे मागे म्हणत गेली.

"परतीचं नको ना?" सुझनने विचारले.

इर्याने खिडकीतून बाहेर बघितले. "नको," ती म्हणाली.

"झालं! बघ, किती सोपं असतं."

फोन बंद झाला. लव्हर्न एरवी कशावरही काहीतरी बोलल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी ती नुसती हातमोज्याचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. मित्रांनो, इर्या कांगास या नावावर पहिली नोंद झाली ती ही. गाव सोडून जाण्याच्या तिकिटाची. त्या दिवसापासून तिची पत सुरू झाली. आणखी काही महिन्यांनी ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरला ती दिसू लागली असेल. तोवर ती तिथे नव्हती.

निघायच्या सकाळी वर्षातले पहिले हिम पडले. लव्हर्न चालवायला बसली होती. इर्याने मला कप्प्यातून काढले आणि पूर्ण काच खरवडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेजारच्या सीटसमोरचीही. मग आत बसून हातमोज्याने मला पुसले.

"अजून चालतं का गं ते?" लव्हर्नने विचारले.

"काचेवर चालतं," इर्या म्हणाली. तिने माझ्या नावावरून एकदा अंगठा फिरवला. "तुलाच ठेव. फिनिक्सला काचेवर काही धरत नाही."

तिने मला कप्प्यात ठेवले आणि सीटबेल्ट लावला.

तेव्हापासून मी इथे आहे. लव्हर्न घाईत असते. ती मला कशीही धरते, कधी या कडेने खरवडते, कधी त्या. मागच्या हिवाळ्यात 'कांगास'मधले शेवटचे अक्षर गेले. यंदा आणखी एक जाईल. सगळे नाव गेल्यावर मी नुसता प्लास्टिकचा तुकडा होईन, कारखान्यात होते तसा. त्याचे मला फार वाईट वाटत नाही. काच खरवडायला नाव लागत नाही.

पण तुमच्या घरात एखादे नाव असेल, ज्याच्या आधाराने दुसरे कुणी उभे आहे. घर त्या एका नावावर असेल, जमीन असेल, बँकेतले खाते असेल. ते दुसरे माणूस रोज चेक लिहीत असेल, स्वयंपाक करत असेल, काच पुसत असेल, आणि सगळे जण त्याला ओळखत असतील. तेवढ्यावर विसंबू नका. दोघे जण एकाच गाडीत बसलेले असताना तो विषय निघाला, तर सीटबेल्ट लाव म्हणून तो तोडू नका. थोडा वेळ वाईट वाटेल. वाटू द्या. ज्याच्या नावावर सगळे आहे ते माणूस हयात आहे, बोलते आहे, शेजारी बसले आहे, तोवरच दुसऱ्याचे नाव त्याच्या नावाशेजारी उमटवून घ्या, आणि एकदा उमटवले, की ते रुमालात बांधून ठेवू नका. वापरा.

बाहेर आता अंधारून आले आहे. लव्हर्नने गाडी शाळेच्या भिंतीशी लावली आहे. जुन्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लागला आहे. आज आकाश निरभ्र आहे. उद्या सकाळी काचेवर जाड थर असणार.